माहेरच्या बाटल्या

समुद्राचं पाणी तपासणाऱ्या केंद्रात मावशी बाटल्या धुवायच्या. एवढं एक वाक्य कुठं बोललं की ऐकणाऱ्याचा डोळा बारीक व्हायचाच. "कसल्या बाटल्या हो?" मावशींचा नवरा धंद्यानं शिंपी आणि स्वभावानं आगलावा. त्यानं तर आल्यागेल्या गिऱ्हाइकाला सांगून ठेवलं होतं, "मी थेंबाला शिवत नाही, आणि आमची बायको बघा, सकाळपासून बाटल्यांत बुडालेली!" त्यावर मावशी म्हणायच्या, "दातांत टाचण्या धरून बोलता ना, एखादी गिळाल तेव्हा कळेल."

केंद्रात त्यांना सगळे लख्खमावशी म्हणत, कारण तो एकच शब्द त्यांच्या तोंडात बसलेला. फरशी लख्ख, भांडी लख्ख, ऊन लख्ख, मॅडमनी नवा चष्मा घेतला तर तोही लख्ख. त्यांच्या घरी चपलांचे तळवेसुद्धा घासले जातात, असं त्यांची शेजारीण शपथेवर सांगायची. आता अशा बाईला बाटल्या धुवायच्या कामावर ठेवणं म्हणजे दुधात साखर. पण घोडं पेंड खात होतं ते नेमकं तिथंच. या बाटल्यांना साबण लावायचा नव्हता.

नियमच होता तसा. बाटल्या पातळ केलेल्या ॲसिडमध्ये बुडवून ठेवायच्या, मग तिथल्याच यंत्रातून निघणाऱ्या शुद्ध पाण्यानं विसळायच्या, पालथ्या घालून सुकवायच्या आणि झाकणं लावायची. आत बोट घालायचं नाही. साबण, पावडर, राख, काही म्हणजे काही नाही. का, तेही मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण पहिल्या दिवशी माणूस नोकरी ऐकतो, कारणं ऐकत नाही. मावशींच्या डोक्यात एवढंच राहिलं की इथं फेस चालत नाही. आणि फेस आल्याशिवाय एखादी वस्तू स्वच्छ होते, हे त्यांच्या मनाला काही केल्या पटेना.

शिवाय मावशी मुळातच भित्र्या. ॲसिडच्या टबाशी श्वास रोखून उभ्या राहायच्या, जणू श्वास घेतला तर ते नाकातून आत शिरेल. समुद्राला तर इतक्या भ्यायच्या की केंद्राच्या खिडकीतून दिसणारी लाट जरा मोठी वाटली तरी खिडकी लावून घ्यायच्या. आणि सगळ्यांत जास्त भ्यायच्या मॅडमच्या गप्प बसण्याला. मॅडम म्हणजे केंद्राच्या प्रमुख. किनाऱ्यापासून थोडं आत पाण्याखाली पोवळ्यांचा खडक होता, आणि तो जगतोय की मरतोय हे पाहण्यात त्यांनी आयुष्य घातलं होतं. त्या रागावल्या की ओरडत नसत, गप्प बसत. आरडाओरडा कधी संपेल हे माणसाला कळतं. गप्प बसणं कधी संपेल, कुणी सांगावं?

दर आठवड्याला मॅडम आणि नावाडी होडीनं जाऊन ठरलेल्या जागांवरून पाणी भरून आणत. कुठलं पाणी कुठलं हे कळावं म्हणून झाकणं रंगीत होती. पांढरं झाकण म्हणजे बाहेरचा खोल समुद्र, पिवळं म्हणजे खडकाचा मध्य आणि लाल म्हणजे ओढ्याचं तोंड, जिथं गावातलं पाणी समुद्राला मिळतं. आणि ओढा कुठून येतो? मावशींच्या धाकट्या भावाच्या लाँड्रीच्या मागून.

भावाची लाँड्री मोठी होती. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळाचे पडदे, सगळं तिथं. मावशींना त्याचा भलता अभिमान. आईवडिलांच्या मागं त्यांचं माहेर म्हणजे तो भाऊ आणि ती लाँड्रीच.

एके दिवशी नावाड्यानं बाटल्यांची पेटी आणून टेबलावर ठेवली आणि लाल झाकणाची बाटली उंच धरून म्हणाला, "मावशी, हे घ्या, तुमच्या माहेरचं पाणी आलंय. जरा मायेनं धुवा हो!"

नावाडी हसला, मॅडमही किंचित हसल्या. मावशी नाही हसल्या. त्यांनी बाटली उजेडात धरली. आत गळ्याशी एक तपकिरी, तेलकट कडं बसलेलं होतं. पांढरी बघावी तर काचेसारखी, पिवळी ठीकठाक, आणि माहेरचीच तेवढी कळकट! उद्या नावाडी गावभर सांगेल, भावाचं पाणी बाटलीला चिकटतं म्हणून. या माणसाच्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या बंदराला ठाऊक होतं.

बाटली ॲसिडमधून काढली तरी कडं हललं नाही. मावशींनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. भावानं घरी वापरायला दिलेल्या पिशवीतली लाँड्रीची पावडर दुसऱ्या दिवशी त्यांनी एका रिकाम्या क्रीमच्या डबीत भरून आणली आणि डबी मोरीच्या खाली, फरशीच्या फडक्यामागं ठेवून दिली. तेव्हापासून लाल झाकणाच्या बाटल्यांना आधी पावडर, मग ब्रश, मग भरपूर पाणी, आणि उगाच नियम मोडल्यासारखं नको म्हणून शेवटी ॲसिडमध्ये एक ओझरती बुडी. बाटल्या अशा चमकायला लागल्या की पेटीत त्याच उठून दिसायच्या. मावशी मनातल्या मनात म्हणायच्या, बघा म्हणावं आता, माहेर कसं लख्ख आहे.

असे बरेच महिने गेले.

मग मॅडम गप्प राहायला लागल्या. डबा उघडायच्या, तसाच झाकायच्या. कॉम्प्युटरवर पाण्याखालचे फोटो लावून बघत बसायच्या. मावशी टेबल पुसायच्या निमित्तानं मागून डोकावल्या. फोटोत पोवळी होती, पण त्यांच्यावर हिरवट केसाळ काहीतरी उगवलेलं, आणि मधूनमधून हाडासारखे पांढरे तुकडे.

"पोवळ्यांना दाढी आली बघा," नावाडी म्हणाला. त्याला दाढीपलीकडं उपमा सुचत नसे.

"शेवाळ आहे ते," मॅडम म्हणाल्या. "खालच्या पोवळ्यांना ऊन मिळू देत नाही, गुदमरवून मारतं. आणि त्याला खत कुठून मिळतं, तर फॉस्फेटमधून. कपडे धुवायच्या पावडरीत असतं ना, तेच."

मावशींच्या हातातलं फडकं जागच्या जागी थांबलं.

"लाल झाकणाचा आकडा इतका चढलाय," मॅडम पुढं बोलत होत्या, "की माझाच विश्वास बसेना. पण दर वेळी तोच येतोय. सोमवारी पालिकेत सुनावणी आहे. लाँड्री बंद करा असं सांगावं लागणार. दुसरा इलाज दिसत नाही."

मावशी वरच्या मजल्यावर उभ्या होत्या, तरी पायाखालची वाळू सरकली. कपडे धुवायची पावडर. लाल झाकण. मोरीखाली, फडक्यामागं असलेली डबी तिथूनही त्यांना दिसायला लागली, जणू फडक्याला डोळे फुटले होते. त्यांनी मान वर केली नाही. टेबलावरचा एकच डाग त्या पुसत राहिल्या, आणि तिथं डाग नव्हताच.

त्या संध्याकाळी त्या भावाकडं गेल्या. जायचं नव्हतं, पण पायांनी नेलं. लाँड्रीत वाफ कोंडलेली, यंत्रं घुमत होती. बायका चादरी घड्या घालत होत्या आणि कुणीच बोलत नव्हतं. एरवी तिथं इतकी बडबड असायची की यंत्रांचा आवाज ऐकू येत नसे.

"ये ताई," भाऊ म्हणाला. "ये, बस. तुझ्या मॅडमनी माझ्या पोटावर पाय दिलाय, ते सांगायला आलीस का?"

"असं काय बोलतोस रे."

"मग कसं बोलू? एवढी वर्षं पाणी सोडतोय, तेव्हा पोवळी जिवंत होती. आताच कशी मेली?" त्यानं ओल्या हातानं कपाळ पुसलं. मग खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "ताई, तू तिथंच असतेस. मला खरं सांग. कुणीतरी त्या बाटल्यांत मुद्दाम काहीतरी घालतंय. माझा संशय त्या नावाड्यावर आहे. तू नजर ठेव. एकदा सापडू दे, त्याच्या नरड्याला हात घालतो."

"हो," एवढंच मावशी म्हणाल्या. भावजयीनं पाण्याचा पेला पुढं केला. मावशींनी तो तोंडाशी नेला आणि अर्धं पाणी साडीवर सांडलं.

"अगं बाई, ताप आहे का तुम्हाला?" भावजय म्हणाली.

"दमलेय गं जरा."

निघताना भावानं नेहमीसारखी पावडरीची पिशवी हातात दिली. मावशींनी ती घेतली, कारण न घेतली तर भाऊ का म्हणून विचारेल, याची भीती. वाटेत पिशवी कधी या हातात, कधी त्या हातात, जणू आत निखारे होते.

घरी नवरा मशीनवर बसला होता. मावशींनी सगळं सांगून टाकलं. त्यानं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून टाचण्यांच्या गादीत खोचल्या, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

"गप्प बस," तो म्हणाला. "डबी समुद्रात फेकून दे."

"अहो, समुद्रातच तर नको आहे ते!"

"बरं, कचऱ्यात फेक. आता बोललीस तर नोकरी जाईल, भाऊ जाईल आणि त्या मॅडमचं सगळं कामही पाण्यात जाईल. एक टाका उसवला की अख्खी शिवण उसवते. मी कापडाचा माणूस आहे, मला विचार."

"आणि नाही बोलले तर? माझ्या पावडरीपायी त्याची लाँड्री बंद होईल."

"पण तुझ्याच पावडरीमुळं, हे कुणाला ठाऊक आहे?"

"मला!"

नवऱ्यानं गादीतली एक टाचणी उपसली. मग ती पुन्हा तोंडात धरली. म्हणजे त्याचं बोलणं संपलं.

मावशींचं भय आता दुहेरी झालं होतं. बोलावं तर मॅडमचं गप्प बसणं, न बोलावं तर भावाच्या यंत्रांचं गप्प बसणं. त्या फोनची रिंग वाजली की दचकायच्या. केंद्रात कुणी "मावशी" म्हणून हाक मारली की त्यांचं काळीज उडायचं, आणि पुढं "चहा झाला का?" असं ऐकल्यावर जिवात जीव यायचा. एकदा तर नावाडी मोरीकडं गेला आणि वाकला. मावशी धावतच गेल्या. तो चपलेचा बंद लावत होता.

"काय हो मावशी, भूत बघितल्यासारखं काय?"

"काही नाही. फडक्याला हात लावू नका, ओलं आहे."

"मी कशाला लावू हात? तुमच्या फडक्याला हात लावणाऱ्याचा हात तुम्ही धुवून वाळत घालाल."

सुनावणीच्या आधीचा कामाचा शेवटचा दिवस आला. मॅडम कागदांवर वाकल्या होत्या. मावशी डबी पदराखाली धरून दारात उभ्या राहिल्या. आत जायचं म्हणून पाऊल उचलायच्या आणि पुन्हा मागं घ्यायच्या, लाटेला भिणाऱ्या माणसासारख्या. शेवटी मॅडमनीच वर पाहिलं.

मावशींनी डबी टेबलावर ठेवली. "लाल झाकणाच्या बाटल्या मी यानं धुतल्या," त्या म्हणाल्या. "पावडर आहे. भावाच्या लाँड्रीतली."

मॅडमनी चष्मा काढला. डबी उघडली, वास घेतला, झाकण लावलं. आणि गप्प बसल्या.

मावशी उभ्याच. बाहेर होडीचा दोर खांबावर घासत होता, तेवढाच आवाज.

"कधीपासून?" शेवटी मॅडमनी विचारलं.

"नावाड्यानं माहेरचं पाणी म्हटलं ना, तेव्हापासून."

"आणि पांढरी, पिवळी? त्यांनाही?"

"छे! त्यांना कशाला? ती काय माझ्या माहेरची आहेत?"

मॅडमच्या तोंडातून एक आवाज आला. हसणं होतं की रडणं, मावशींना कळेना, आणि त्यानं त्या आणखीच घाबरल्या. "म्हणूनच," मॅडम पुटपुटल्या. "म्हणूनच फक्त तिथंच चढत होता. आणि बाटल्या स्वच्छ निघाल्यात का, म्हणून मी यंत्रातलं कोरं पाणी भरून तपासणी करायचे ती पांढऱ्या झाकणात. ती नेहमी स्वच्छ यायची. मला वाटायचं, आपलं सगळं चोख आहे." त्यांनी खुर्ची मागं सरकवली. "चला. धुवून दाखवा, जशा धुता तशा."

मावशींनी एक बाटली आपल्या पद्धतीनं धुतली आणि दुसरी नियमानं. दोन्हींत मॅडमनी यंत्रातलं शुद्ध पाणी भरलं. थोडं थोडं नळ्यांत काढलं आणि वर औषधाचे थेंब टाकले. "फॉस्फेट असेल तर निळं होतं," त्या म्हणाल्या. "जितकं जास्त, तितकं गडद."

मावशी नळ्यांकडं बघत राहिल्या. काहीच होईना. मग एका नळीत तळाकडून रंग चढायला लागला, आधी डोळ्यांचा भास वाटावा इतका, मग नक्की. भावाच्या लाँड्रीत शेवटच्या पाण्यात नीळ घालतात तसा. दुसरी नळी कोरीच राहिली.

"पण मी किती वेळा विसळल्या होत्या हो," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला.

"प्लास्टिक धरून ठेवतं ते. सोडत नाही."

आता त्यांना वाटलं, झालं, मॅडम म्हणतील उद्यापासून येऊ नका. मॅडम म्हणाल्या ते त्याहून वाईट होतं. "लाल झाकणाच्या सगळ्या बाटल्या आता माझ्यासमोर ॲसिडमध्ये टाका. उद्या नवीन पाणी आणायचं. आणि भरायला तुम्ही माझ्याबरोबर होडीत यायचं."

"होडीत? मी?"

"तुम्ही. हे पाणी कुठून येतं ते एकदा बघा."

दुसऱ्या दिवशी लख्खमावशी होडीत बसल्या. बसल्या म्हणजे होडीच्या फळीला चिकटल्या. नावाड्याला प्रकरण कळलं होतं आणि त्याच्या पोटात ते फुग्यासारखं फुगलेलं. पण मावशींचा चेहरा बघून त्यानंही तोंड मिटलं. ओढ्याच्या तोंडाशी होडी थांबली. मॅडमनी काचेचा तळ असलेला एक डबा पाण्यात अर्धा बुडवला आणि म्हणाल्या, "यातून बघा."

"पडले म्हणजे?"

"मी धरतो तुम्हाला," नावाडी म्हणाला, आणि खरोखरच त्यानं मावशींची पाठ धरली.

मावशींनी खाली पाहिलं. त्यांना वाटलं होतं अंधार दिसेल. अंधार नव्हता. उजेडच होता, हिरवट, आणि त्यात पोवळ्यांच्या फांद्यांवर मऊ केस डुलत होते. त्यांच्या खालच्या फांद्या पांढऱ्या. त्यांच्यामधून एक मासा आला, त्यानं फांदीला तोंड लावलं आणि काही न मिळाल्यासारखा निघून गेला. हे त्यांच्या पावडरीचं नव्हतं. त्यांची डबी इथवर कधी आलीच नव्हती. बाटलीतला आकडा त्यांनी वाढवला असेल, पण ही दाढी त्यांनी उगवली नव्हती. मग कुणी?

त्यांनी डबा मॅडमकडं दिला. लाल झाकणाची बाटली स्वतःच्या हातांनी पाण्यात बुडवून भरली, आणि पाण्याला हात लागल्याची भीती वाटायची राहूनच गेली.

परतल्यावर मॅडमनी नवीन पाणी नळीत घेतलं. थेंब टाकले. मावशींनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. 'नको रे, नको होऊस,' त्या मनात म्हणत होत्या, लहान पोराला दटावावं तसं. नळी कोरी राहिली. राहिली. आणि मग हळूच निळी झाली. कालच्या बाटलीसारखी नव्हे, त्याहून बरीच फिकी. पण निळी.

"आधीचा आकडा बराचसा तुमच्या डबीचा," मॅडम म्हणाल्या. "उरलेला तुमच्या भावाचा."

सोमवारी पालिकेत मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की लाल झाकणाचे आधीचे आकडे आम्ही मागं घेतो. आमच्याकडं बाटल्या धुण्यात चूक झाली होती. कुणाचं नाव घेतलं नाही. समोरचे लोक कुजबुजले, कुणी उघड हसलं. मॅडमचे कान लाल झाले, पण त्या बोलत राहिल्या. लाँड्री बंद करू नका, पण पावडर बदला आणि ओढ्यात सोडायच्या आधी पाणी गाळा, साफ करा; काही महिने पुन्हा तपासू, मग ठरवा. पालिकेनं मान्य केलं.

भाऊ बाहेर आला तो पाय जमिनीवर नव्हते. लाँड्रीत पोचेपर्यंत त्यानं दोन जणांना मिठी मारली होती. मावशी तिथं आधीच येऊन बसल्या होत्या.

"ताई, ऐकलंस? म्हणे बाटल्या धुण्यात चूक! मी म्हणत नव्हतो? माझं पाणी स्वच्छच आहे!" तो इतका हसला की घड्या घालणाऱ्या बायकाही हसायला लागल्या. "मला फक्त एवढं सांग, बाटल्या धुणारं ते गाढव कोण?"

"मी."

भावाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, विसरून राहिलेल्या सामानासारखं.

"तूच दिलेल्या पावडरीनं," मावशी म्हणाल्या. त्यांच्या पोटात भीती होतीच, पण आता ती बोलायच्या आड येत नव्हती. "लोक हसतील म्हणून तुझ्या बाटल्या मी घासायचे. कालपरवा नीट धुतल्या. मॅडमच्या नळीत तुझं पाणी तरीही निळं झालं. ओढ्याच्या तोंडाशी जाऊन बघून आलेय मी, होडीतून. ते जे मेलंय ना, ते माझ्या डबीनं मेलेलं नाही."

एक यंत्र थांबलं, दुसरं घुमत राहिलं. भाऊ मावशींकडं बघत होता. आधी राग आला, मग गेला, मग काय आलं ते मावशींना ओळखू येईना. लहानपणी कपबशी फोडून तो असाच उभा राहायचा.

"किती निळं?" त्यानं विचारलं.

मावशी उठल्या. बाजूच्या टबात नीळ घातलेल्या पाण्यात चादर भिजत होती. त्यांनी मगात ते पाणी घेतलं, दुसऱ्या बादलीतलं साधं पाणी त्यात ओतलं, पुन्हा ओतलं, रंग बरोबर होईपर्यंत. मग ते ओंजळीत घेऊन भावासमोर धरलं.

"एवढं," त्या म्हणाल्या.

बोटांमधून पाणी त्याच्या चपलांवर गळत होतं. भाऊ मागं सरला नाही. वाकून बघत राहिला.